पिंपाच्या बाजूचा उजेड

१

बेंगळुरूच्या के. आर. पुरमला रेल्वेचे रूळ जिथं एकमेकांत शिरतात, तिथून तीन गल्ल्या सोडून एक गंगव्वा राहायची. तिचा एक दयानंद होता आणि दयानंदाची एक कावेरी होती. दयानंद एका पहाटे कामाला गेला तो परत आला नाही. घरात दोघी उरल्या, म्हातारी आणि नात. ती म्हातारी मीच.

मी निपाणीकडची. तंबाखूच्या वखारीत वाढले. शाळेची पायरी चढले नाही, पण एकदा पाहिलेलं विसरत नाही. माझ्या लग्नात कुणाच्या अंगावर कुठलं लुगडं होतं, पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं आणि कुणी रुसून पानावरून उठलं, सगळं सांगते. आमचे हे, देवाप्पा, म्हणायचे, हिच्यापुढं खोटं बोलायची सोय नाही.

कावेरीला चोविसावं सरलं. तिचं काम सांगितलं की गल्लीतल्या बायका हसतात. ती सैनिक रंगवते. प्लॅस्टिकचे, बोटाच्या दोन पेरांएवढे. चांगली कमावती माणसं टेबलावर डोंगर आणि पडकी घरं मांडतात, दोन्हीकडून पलटणी लावतात आणि फासे टाकून लढाई खेळतात. त्यांना खेळायला वेळ असतो, रंगवायला नसतो. मग ते खोके आमच्याकडे येतात.

पुढच्या खोलीत, दारातून आत आलं की कोपऱ्यात तिचं टेबल. डोक्याला भिंगाचा पट्टा. सैनिक औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवलेला, म्हणजे बोट न लावता फिरवता येतो. एका चपट्या डबीत ओला स्पंज, त्यावर कागद, कागदावर रंग. असं केलं की रंग दिवसभर वाळत नाही. आधी सैनिक सगळा काळा करायचा, मग वरून पांढऱ्याचा फवारा मारायचा. जिथं पांढरं बसलं तिथं ऊन पडतं असं धरायचं आणि मग पाण्याइतके पातळ थर द्यायचे, एकावर एक, वीस वीस. ब्रशाला टोक यावं म्हणून ती तो ओठांत धरून ओढायची.

"उष्टं करतेस गं सरदारांना," मी म्हणायची.

"अज्जी, सोवळ्यात भुवई येत नाही."

माझं काम पाण्याचे ग्लास बदलायचे आणि चुका काढायच्या. दुसरं मला जास्त जमायचं. एकदा तिनं एक तलवार रंगवली. मी म्हटलं, चांदी लावलीस होय? नाही म्हणाली. नुसता करडा, जरासा निळा आणि धारेवर पांढऱ्याचा एक ठिपका. मी तलवारीवर नख फिरवून बघितलं. प्लॅस्टिकच होतं, पण बोटाला गार लागेल असं वाटलं होतं.

२

तिला सगळ्यात अवघड जायचा तो उजेड. म्हणजे सैनिकाच्या हातात मशाल असली, तर मशालीचा उजेड त्याच्या अंगावर पडलेला रंगानंच दाखवायचा. खरा दिवा नाही, काही नाही. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की पेटलाय.

ती एक पहारेकरी करत होती, हातात कंदील असलेला. तीनदा पुसून झाला. चौथ्यांदा मी म्हटलं, "असा सांडत नाही गं कंदील. तू पिवळा रंग ओतलायस नुसता. उजेड हनुवटीच्या खालून जातो. भुवईच्या वरच्या अंगाला लागत नाही. नाकाची एक बाजू खातो. आणि बाकी सगळं विझव आधी. त्याशिवाय तो पेटायचा नाही."

तिनं भिंगाचा पट्टा वर सरकवला. "तुला कसं ठाऊक?"

"चाळीस वर्षं कंदिलात काढली. तुझ्या बापाचं तोंड मी उन्हापेक्षा कंदिलात जास्त बघितलंय."

ती पाण्यात ब्रश हलवत राहिली.

"अज्जी, अप्पाचं तोंड कसं होतं?"

हे तिनं याआधी विचारलं नव्हतं. विचारणार कशाला, घरात एक फोटो नाही. तळ्याचं पाणी गल्लीत शिरलं त्या वर्षी लग्नाच्या फोटोंची वही भिजली. उन्हात वाळवली तर पानं एकमेकांना धरून बसली, विटेसारखी. कारखान्याच्या ओळखपत्राची एक झेरॉक्स आहे, तिच्यात तोंडाच्या जागी काळा डाग. कावेरीची आई ती दोन वर्षांची असताना वारली. दयानंद गेला तेव्हा पोर चार-साडेचार वर्षांची. तिला बापाचे पाय आठवतात, म्हणते. चप्पल घालतानाचे.

मी सांगायला लागले. तोंड सांगता येत नाही हो. नाक सरळ, कपाळ रुंद, असं सांगून कुणाचं तोंड होतं? अख्ख्या बेंगळुरूत तसं नाक हजारोंचं असेल. म्हणून मी तिला ती पहाट सांगितली.

वीज गेलेली. पाच वाजलेले. होसकोट्याच्या कारखान्यातली पहिली पाळी. दाराच्या आतल्या अंगाला, एका बाजूला खिळा, खिळ्याला कंदील. दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात पाण्याचं पिंप, कमरेएवढं. मी मधे उभी. दयानंदाच्या कंदिलाकडच्या खांद्याला डब्याची पिशवी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि तो वळला. "येतो गं अव्वा," म्हणाला. तेवढं तोंड माझ्याकडं आहे. वीस वर्षं झाली, रोज बघते.

कावेरी म्हणाली, "सरी, चालेल. तेवढंच करू."

३

तिनं बोटभर उंचीचा एक पुतळा घेतला. कुठल्यातरी भालाईताचा होता. भाला कापला, शिरस्त्राण तासलं आणि डोकं पुट्टीनं नव्यानं घडवलं, हरभऱ्याएवढं. पायाखाली उंबरा केला, मागं चौकट, खिळ्याला कंदील. पेनाच्या टोपणाचा तुकडा कापून पिंपसुद्धा केलं.

सोळा दुपारी आम्ही त्याच कामाला बसलो. जेवणं झाली की मी तिच्या मागं स्टुलावर. डोळे मिटायची, पहाटेकडं बघायची आणि सांगायची. "गाल इथं खोल. नाही, स्वल्प वर. ओठाच्या खाली सावली आहे, मिशीची नाही, ओठाचीच." ती थर द्यायची. मी डोळे उघडून बघायची. "हा नव्हे." पुन्हा मिटायची.

"अज्जी, हे तर पोलिसांसारखं झालं."

"पोलिसांनी एवढं विचारलं असतं तर सापडला असता."

उजेडाचा रंग ठरवताना ती नारिंगी काढून बसली होती. मी म्हटलं, तो नव्हे. भाताच्या पेजेवर जो निवळ पांढरा येतो ना, तसा. तिनं माझ्याकडं बघितलं, पण घातला. मी म्हणेन तिथं घातला.

सोळाव्या दुपारी तिनं डोळ्यात शेवटचा ठिपका दिला, सुईच्या टोकाएवढा, आणि बूच फिरवून माझ्याकडं धरलं.

दयानंद होता.

मी उठून आत गेले, चहाचं आधण ठेवलं आणि त्यात साखर घालायची विसरले. मी! कावेरी तो तसाच प्यायली. मग विचारलं, "हाच का?"

"हाच."

तिनं तो पुतळा कितीतरी वेळ डोळ्यांसमोर धरला. चोवीस वर्षांच्या पोरीला बापाचं तोंड पहिल्यांदा दिसत होतं. धूळ बसू नये म्हणून मी त्याच्यावर काचेचा पेला पालथा घातला आणि आम्ही दोघी आळीपाळीनं जाऊन बघत राहिलो.

४

वरच्या मजल्यावर ईशान राहतो. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्याची सगळी पलटण कावेरीनंच रंगवलेली. रविवारी तो एका घोड्याची शेपटी तुटली म्हणून घेऊन आला आणि पेल्याखाली बघून थांबला.

"बाप रे. हे काय आहे? कावेरी, हे कॉम्पिटिशनला पाठव. सीरियसली. चेहरा काय आलाय!" पेला उचलून तो वाकला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "पण तुझा सोर्स चुकलाय."

"काय चुकलंय रे?" मी विचारलं.

"आजी, उजेड जिथून येतो ती वस्तू. कंदील या बाजूला लटकतोय. मग हा खांदा, ही पिशवी सगळ्यात उजळ पाहिजे ना? ही तर काळी आहे. आणि उजेड पडलाय पलीकडच्या गालावर. पिंपाच्या बाजूनं. तिकडं तर काहीच नाहीये."

कावेरीचं तोंड उतरलं. कामात इतकी गढली होती की माझ्या शब्दांपलीकडं बघितलंच नव्हतं. "अज्जी, तू समोर उभी होतीस. तुझं डावं-उजवं उलटं झालं असेल."

"मी डावं-उजवं म्हटलंच नाही कधी. मी कंदिलाची बाजू आणि पिंपाची बाजू म्हटलं."

"मग विसरली असशील."

आमच्या घरात हे वाक्य कुणी मला म्हटलेलं नव्हतं. मी डोळे मिटले. पहाट आली. खिळा, कंदील. कंदिलाला लागून पिशवी, हातभरसुद्धा लांब नाही, आणि पिशवी काळी. पलीकडचा गाल पेजेसारखा उजळ. हनुवटीच्या खालून उजळ.

वीस वर्षं रोज बघत होते आणि हे कधी दिसलं नव्हतं.

"बघूया तर," ईशान म्हणाला. त्याला गंमत वाटत होती. खिडकी लावली, दार लोटलं, फोनची बत्ती पेटवली. रंगवलेल्या उजेडावर खरा उजेड बरोबर बसेपर्यंत ती पुतळ्याभोवती फिरवायची, म्हणजे जागा सापडते, असं त्याचं म्हणणं. वरून धरली, सावल्या जुळेनात. समोरून धरली, जुळेनात. खाली खाली आणली, पेनाच्या टोपणाच्या पिंपामागं नेली, आणि एकदम दोन्ही उजेड एकमेकांवर बसले. भांड्यावर झाकण बसावं तसे.

"इथं," ईशान म्हणाला. "कोपऱ्यात. पिंपाच्या मागं, आणि इतक्या खाली. म्हणजे कुणीतरी दिवा घेऊन खाली बसलं होतं. कोण होतं आजी?"

मी खिडकी उघडली. "घोडं दाखव तुझं," म्हटलं.

५

कोण होतं?

मी पुष्कळ विचार केला. कावेरी आतल्या खोलीत होती, तापानं फणफणलेली, माझ्या गोधडीत. तिची आई नव्हती. आमचे हे तर त्याच्याही आधी गेलेले. घरात दुसरा दिवा नव्हता. मेणबत्ती होती, ती आदल्या रात्री दयानंदाच्या हातून मोडली म्हणून मी ओरडले होते. बाहेरून गाडीचा उजेड आला म्हणावा, तर तो पाठीवर पडेल. पिंपातल्या पाण्यात कंदील चमकला म्हणावा, तर पिंपावर झाकण, झाकणावर परात. परातीत भिजवलेले हरभरे. बघा, मला हरभरेसुद्धा आठवतात.

मग आणखी एक आठवलं, न बोलावता. जायच्या आधी महिनाभर दयानंद चहा घ्यायला खुर्चीवर बसत नसे. पिंपाशेजारी जमिनीवर बसायचा, भिंतीला टेकून, मान जराशी कलती करून. मी म्हणायची, गार लागेल रे. तो म्हणायचा, बरं वाटतंय इथं.

मला तेव्हा वाटलं होतं, बायको गेल्याचं दुःख आहे. असंच वाटणार ना कुणालाही?

कावेरी म्हणाली, "मी दुरुस्त करते. पिंपाकडचा गाल काळा करून कंदिलाकडचा उजळते. दोन दुपारी लागतील."

"हात लावायचा नाही."

"अज्जी, चुकीचं आहे ते."

"त्याच्या तोंडावर होतं ते होतं. तू दुसरा उजेड घातलास की तो दुसरा माणूस होईल."

खरं सांगायचं तर माझ्या मनात भीतीपेक्षा दुसरंच होतं. इतकी वर्षं मला त्याच्या जाण्याचा एक धागा सापडला नव्हता. भाडं वाढलं, गल्लीतली निम्मी घरं पाडून इमारती आल्या, नळ आला तसं पिंप गेलं. मी घर सोडलं नाही, कारण त्याला हाच पत्ता ठाऊक. आता पहिल्यांदा कुणीतरी सापडलं होतं ज्यानं त्याला जाताना बघितलं. जिथं उजेड आहे तिथं वाट असेल, असं मला वाटायचं. दुपारी कावेरी जरा आडवी झाली की मी पेला उचलून त्या पुतळ्याशी बोलायची. कोण होतं रे? कुठं नेलं?

६

त्यानंतर साधारण आठ दिवसांनी, दुपारी तीनला, मी ग्लासातलं पाणी बदलायला गेले. कावेरी एका सैनिकाच्या ढालीवर वेल काढत होती. तिच्या एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला कोपरा. जुन्या पिंपाच्या जागीच तिचं टेबल आहे, हे सांगायचं राहिलं. दुसरीकडं टेबल मावत नाही.

खिडकीत ऊन होतं. तिचा खिडकीकडचा गाल उजळ असायला हवा.

तो अंधारात होता. भिंतीकडचा गाल उजळ होता. हनुवटीच्या खालून.

मी ग्लास ठेवला. माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दोन्ही डोळ्यांत भिंगं आहेत. भिंगामुळं होत असेल. समोरच्या इमारतीच्या काचेचं ऊन उलटून आलं असेल. मी खिडकी लावून घेतली. खोली काळोखली. टेबल दिसेना, ढाल दिसेना. तिचा तो गाल मात्र दिसत होता, पेजेसारखा.

"अज्जी, खिडकी कशाला लावलीस?" ती म्हणाली, पण ब्रश थांबला नव्हता. काळोखात ती वेल काढतच होती.

मी खिडकी उघडली. भिंतीला हात लावला. गार, थोडी ओल, कुठल्याही भिंतीसारखी. टेबलाखाली वाकून बघितलं. तिचे पाय आणि रंगाचे खोके.

मग रोज बघायला लागले. सकाळी तो उजेड नसायचा. दुपार कलली की यायचा. आधी हनुवटीला, मग गालाला, मग कानाच्या पाळीला. कावेरी ब्रश ओठांत धरायची विसरायला लागली. मान कलती करून बसायची, लहान मूल काही सांगत असेल आणि आपण कान द्यावा, तशी. चहा दिला तर कप घेऊन खाली भिंतीला टेकून बसली.

"गार लागेल गं," मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक.

"बरं वाटतंय इथं," ती म्हणाली.

त्या दिवशी माझं जेवण झालं नाही. पेल्याखाली पुतळा होता. मी त्याच्याकडं बघितलं. दयानंद उंबऱ्यावर उभा, वळलेला, माझ्याकडं तोंड. मला वाटायचं तो निरोप घेताना माझ्याकडं बघतोय. आता नीट पाहिलं. सोळा दुपारी मीच सांगून सांगून काढून घेतलेले ते डोळे. ते माझ्या जरासे बाजूला बघत होते. खाली. पिंपाकडं.

"येतो गं अव्वा" हे तो मला म्हणाला होता. पण येतो कुणाबरोबर, ते मी विचारलं नव्हतं.

७

"तो उजेड काढून टाक," मी दुसऱ्या दिवशी कावेरीला म्हटलं.

"आता? तूच नको म्हणालीस."

"आता म्हणते. सगळं तोंड काळं कर. दुरुस्ती नको, काहीच नको."

ती उभी राहिली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही. "माझ्याकडं तेवढंच आहे अप्पाचं. तुझ्याकडं डोळे मिटले की आहे. माझ्याकडं काय आहे? पाय?"

खरंच होतं ते. तिच्या गालावर उजेड होता आणि रागानं डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी भिंतीच्या बाजूनं चमकत होतं.

"रडू नको बाळे," मी म्हटलं. "राहू दे."

आणि राहू दिलं. तीन दिवस. माझी चूक झाली असेल तर ती इथं झाली. मलाही ते तोंड हवं होतं ना.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं पिशवी घेतली. दूध आणायचं म्हणाली. मी तांदूळ निवडत होते. चप्पल घालून ती उंबऱ्याबाहेर गेली आणि वळली. पिशवी खिळ्याकडच्या खांद्याला. बाहेर रखरखीत ऊन, गल्लीत पोरांचा दंगा, भाजीची गाडी, सगळं नेहमीचं. आणि तिचं अख्खं तोंड आतल्या कोपऱ्यातून उजळलेलं.

"येते गं अज्जी," म्हणाली. डोळे माझ्या जरासे बाजूला. खाली.

ताट सांडलं. मी कशी उठले ठाऊक नाही, माझे गुडघे पायरी चढताना ऐकत नाहीत. टेबलाजवळ गेले, पेला उचलून बाजूला ठेवला, पुतळा मुठीत घेतला. काळ्या रंगाची बाटली उघडीच होती. ब्रश मी हातात कधी धरला नव्हता. बोट बुडवलं आणि माझ्या पोराच्या तोंडावर फिरवलं. एकदा. मग वाळायच्या आत पुन्हा. गाल, कपाळ, तो डोळ्यातला ठिपका.

उजेड गेला. फुंकर मारून नाही गेला. माझ्या डोळ्याच्या कडेला, टेबल आणि भिंत यांच्या मधल्या वीतभर फटीत, कुणीतरी दिव्यावर ओंजळ धरली. ओंजळीत दिवा झाकला की बोटांच्या कडा लाल दिसतात ना, तशा दिसल्या. लहान बोटं होती. मी मोजली नाहीत.

"अज्जी!" कावेरी दारातून ओरडली. "काय केलंस तू? काय केलंस?"

तिच्या तोंडाभोवती बाहेरचं ऊन होतं, पाठीमागून आलेलं, केसांच्या कडांना लागलेलं. जिथं पडायला हवं तिथं.

८

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "आमटी खारट झालीय." म्हणजे मिटलं. ब्रश पुन्हा ओठांत धरायला लागली. टेबल मी ईशानला बोलावून खिडकीखाली सरकवलं, अर्धा रस्ता अडला तरी.

मग एका दुपारी ती माझ्याशेजारी स्टुलावर येऊन बसली. "अज्जी, पुन्हा करू. नुसतं तोंड. दिवा नको, कंदील नको. उन्हातलं कर. तू सांग, मी करते."

मी डोळे मिटले.

पहाट आली. खिळा होता. कंदील होता, काच एका बाजूला काजळलेली. परातीत हरभरे. दयानंदाचा निळा शर्ट, वरून दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्यानं लावलेलं, कारण निळा दोरा संपला होता. पिशवी. चपलांचे अंगठे. शर्टाची कॉलर.

कॉलरच्या वर काही नव्हतं.

मी दुसरीकडं शोधलं. त्याचं बारसं, त्याचं लग्न, तो सायकलवरून पडला तो दिवस. सगळे होते. प्रत्येकाला तोंड होतं. त्याला नव्हतं.

"आज नको," मी म्हटलं. "डोकं दुखतंय."

त्यानंतरच्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, केस पिकलेले, हातात कापडी पिशवी. कावेरी इडलीचं पीठ ढवळत होती. तो आत आला नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाला, "अव्वा."

गल्ली गोळा झाली. समोरची म्हातारी गौडर अक्का छाती बडवत म्हणाली, "अय्यो देवरे, दयानंद!" तिला वीस वर्षांपूर्वीचा दयानंद ठाऊक होता. दुकानदार अण्णाही म्हणाला, तोच. आलेल्या माणसानं घरातलं सगळं बरोबर सांगितलं. देवाप्पांचं नाव, निपाणीच्या वखारीचं नाव, कावेरीला लहानपणी तो काय म्हणून हाक मारायचा ते. कुठं होता ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ईशान पेढे घेऊन खाली आला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणून रडलाच.

कावेरी त्याच्यासमोर जमिनीवर बसून होती. त्याचे पाय बघत होती. मग तिनं मान वर केली, कितीतरी वेळ त्याच्याकडं बघितलं आणि माझ्याकडं वळली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझी आठवण कधी चुकत नाही, हे गल्लीला ठाऊक आहे.

"अज्जी, हेच तोंड ना?"

मी पुढं झाले. दोन्ही हातांत ते तोंड धरलं. ऊबदार होतं. दाढी टोचली. डोळे माझ्याकडं बघत होते, भरून आलेले. वीस वर्षांत मी मागितलं होतं ते एवढंच.

"हेच," मी म्हटलं.

त्या दिवशी आम्ही पुरणाचा स्वयंपाक केला. तीन पानं मांडली. आता रोज तीन मांडतो. कावेरीनं त्याला नवे शर्ट घेतले, गेल्या महिन्यात तिला एकानं मागणी घातली, आणि बाप उभा आहे म्हणून सगळं रीतसर होणार आहे. संध्याकाळी तो माझे पाय चेपतो. आमचं घर भरलं. जशी आमच्या घरी आली, तशी तुमचीही गेलेली माणसं घरी येवोत. आणि आली की तुम्हाला ती ओळखू येवोत.